स्मारक नाण्याची घडण कशी ओळखावी?



नाणें हें आपल्या नित्य व्यवहारांतील इतकें परिचित साधन आहे कीं, त्याकडे निरखून पाहण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तें खरें कीं खोटें एवढें पाहिलें म्हणजे आपलें काम संपतें. परंतु एखाद्या थोर पुरुषाच्या किंवा महत्त्वाच्या प्रसंगाच्या स्मरणार्थ पाडलेलें नाणें हातीं आलें, म्हणजे एक निराळाच प्रश्न उभा राहतो. हें नाणें बाजारांत चालविण्यासाठीं पाडलेलें आहे, कीं संग्राहकांसाठीं मुद्दाम निराळ्या रीतीनें घडविलेलें आहे? दोन नाणीं एकाच टांकसाळेंतून निघालेलीं, एकाच धातूचीं, एकाच वजनाचीं व एकाच चित्राचीं असूनही त्यांची घडण भिन्न असूं शकते. हा भेद ओळखावा कसा, तें या लेखांत पाहावयाचें आहे.

हा प्रश्न निव्वळ हौसेचा नाहीं. स्वतंत्र भारताचें पहिलें स्मारक नाणें पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या निधनानंतर १९६४ सालीं निघालें. त्यानंतर १९६९ सालीं महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त कांहीं नाणीं पाडण्यांत आलीं. त्यांत दहा रुपयांचें एक चांदीचें नाणें होतें. त्याचें वजन १५ ग्रॅम, व्यास ३४ मिलिमीटर, आणि त्यांतील चांदी शेंकडा ८० भाग. म्हणजे शुद्ध चांदी १२ ग्रॅम. या नाण्यावर १८६९ व १९४८ हीं गांधीजींच्या जन्माचीं व मृत्यूचीं वर्षें आहेत. नाणें पाडल्याचें साल निराळें दिलेलें नाहीं. त्यामुळें कित्येक जण तें १९४८ सालचेंच समजतात. आपल्याकडील पुष्कळ घरांच्या पेट्यांत हें नाणें अजून जपून ठेवलेलें आढळतें. आतां हेंच नाणें संग्राहकांसाठीं विशेष घडणीनेंही पाडलें होतें. तें ज्याला ओळखतां येत नाहीं, तो अडचणीच्या वेळीं तें सराफाकडे नेतो आणि बारा ग्रॅम चांदीचा भाव घेऊन परत येतो. उलटपक्षीं, साधें चलनी नाणें घासूनपुसून चकचकीत करून विशेष घडणीचें म्हणून विकणारेही असतात, आणि घेणारा फसतो. दोन्हीकडे हानि होते ती अज्ञानामुळें. आणि ती टाळण्यास एक भिंग, एक दिवा व थोडा धीर एवढेंच साहित्य पुरें आहे.

प्रथम नाणें कसें तयार होतें तें थोडक्यांत पाहूं. धातूच्या पट्ट्यांतून गोल चकत्या कापून काढतात. त्या भट्टींत तापवून मऊ करतात, स्वच्छ करतात, आणि त्यांचा कांठ किंचित् उंचावतात. मग प्रत्येक चकती दोन पोलादी ठशांच्या मध्यें, एका कड्यांत बसवून, यंत्रानें जोरानें दाबतात. ठशावर चित्र खोलगट व उलटें कोरलेलें असतें. म्हणून नाण्यावर तें उठावदार व सुलटें उमटतें. ठशावर जी मोकळी सपाट जागा सर्वांत उंच असते, तीच नाण्यावर सर्वांत खोल, म्हणजे चित्राभोंवतालची मोकळी जागा होते. ही शेवटची गोष्ट नीट ध्यानांत ठेवा. पुढें तीच आपल्या फार उपयोगी पडणार आहे.

या क्रियेंत काळजी किती घेतली, यावरून घडणीचे तीन प्रकार मानतात.

पहिला प्रकार चलनी. यांत यंत्राचा वेग मोठा असतो, प्रत्येक चकतीवर एकच दाब पडतो, आणि तयार नाणीं एकमेकांवर आदळत पेटींत पडतात. म्हणून कोणाच्याही हाताचा स्पर्श होण्यापूर्वींच त्यांच्यावर लहान लहान टोंचे पडलेले असतात.

दुसरा प्रकार अप्रचलित नाण्यांचा. यालाच संग्राहक इंग्रजी शब्दावरून ‘अनसर्क्युलेटेड’ म्हणतात. यांतील नाणीं निवडून, जपून, वेष्टनांत घालून विकलेलीं असतात. त्यांची स्वच्छता अधिक. परंतु पाडण्याची मूळ रीत चलनी नाण्यासारखीच.

तिसरा प्रकार ‘प्रूफ’. येथें ठशाची सपाट जागा आरशासारखी घोटतात, चित्राचा खोलगट भाग बहुधा मुद्दाम खरबरीत ठेवतात, चकत्याही निवडून घोटतात, आणि एकेक चकती हातानें बसवून तिच्यावर सावकाश व अधिक दाबानें दोन किंवा अधिक वेळां ठसा उमटवितात. तयार नाणें एकेकटें उचलून पेटींत ठेवतात. म्हणून चांगल्या प्रूफ नाण्याची मोकळी जागा काळ्याशार आरशासारखी आणि चित्र हिंव पडल्यासारखें पांढुरकें दिसतें.

येथें एक मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रूफ ही नाण्याची अवस्था नव्हे, ती त्याची घडण आहे. प्रूफ म्हणून पाडलेलें नाणें कोणी चुकून बाजारांत खर्च केलें, दहा वर्षें खिशांत वागविलें, झिजविलें, तरी तें प्रूफच राहतें. फक्त बिघडलेलें प्रूफ होतें. आणि चलनी नाणें पेटींत मखमलीवर पन्नास वर्षें ठेवलें तरी तें प्रूफ होत नाहीं. जन्म एकदांच होतो. पुढें होतें तें संगोपन किंवा हेळसांड. म्हणून ‘नाणें किती चकाकतें?’ हा प्रश्न परीक्षकाचा नव्हे. ‘तें कसें पाडलें गेलें?’ हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर देणाऱ्या खुणा नाण्यावरच असतात.

आतां परीक्षेचा क्रम सांगतों. नाणें नेहमीं कडेनें धरावें. बोटें चित्रावर पडूं देऊं नयेत. खालीं मऊ कापड अंथरावें, म्हणजे हातांतून सुटलें तरी इजा होणार नाहीं. एका बाजूनें येणारा एकच दिवा असावा, आणि पांच ते दहा पट मोठें दाखविणारें भिंग घ्यावें.

पहिली परीक्षा टांकसाळेच्या खुणेची. भारताच्या नाण्यांवर ही बारीक खूण सामान्यतः सनाच्या आंकड्याखालीं असते. मुंबईची टांकसाळ १८२९ सालची. तिच्या चलनी नाण्यांवर हिऱ्याच्या आकाराची लहान चौकट आढळते. कलकत्त्याच्या नाण्यावर खूण नसते, हैदराबादची खूण तारा, आणि नोएडाची वाटोळा ठिपका. मुंबईनें आपल्या प्रूफ नाण्यांसाठीं मात्र चौकटीऐवजीं इंग्रजी ‘बी’ हें अक्षर वापरलें, आणि शहराचें नांव अधिकृत रीतीनें मुंबई झाल्यावर १९९६ पासून त्याच्या जागीं ‘एम’ आलें. म्हणून गांधी शताब्दीच्या दहा रुपयांच्या नाण्यावर ‘बी’ दिसला तर मोठा पुरावा हातीं आला. तथापि तेवढ्यावरच निकाल देऊं नये. मागाहून अक्षर डकविण्याची लबाडी नाण्यांच्या व्यापारांत झालेली आहे. अक्षराच्या बुडाशीं भिंगांतून फट, सांधा किंवा निराळा रंग दिसतो काय, तें अवश्य पाहावें.

दुसरी परीक्षा मोकळ्या जागेची. दिव्याखालीं नाणें हळूहळू कलतें करून फिरवावें. चलनी किंवा अप्रचलित नाणें न हाताळलेलें असेल, तर प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांप्रमाणें मध्याभोंवतीं फिरतांना दिसतात. याचें कारण असें. दाबाखालीं धातु मध्यापासून कांठाकडे सरकतो. हजारों नाणीं पाडतां पाडतां त्या सरकण्यानें ठशावर अतिसूक्ष्म रेघा तयार होतात, आणि त्या प्रत्येक नाण्यावर उतरतात. त्यांच्यावरून परावर्तित होणारा प्रकाश असा फिरता दिसतो. प्रूफ नाण्यांत ठसा वारंवार घोटलेला असल्यामुळें हे आरे नसतात. तेथें प्रकाश आरशाप्रमाणें एकदम चमकतो किंवा एकदम नाहींसा होतो. यासाठीं एक सोपी कसोटी आहे. छापील कागद नाण्यासमोर उभा धरावा आणि मोकळ्या जागेंत अक्षरांचें प्रतिबिंब पाहावें. अक्षरें स्पष्ट, उलटीं कां होईनात पण वाचतां येण्याजोगीं दिसलीं, तर तो खरा आरसा. नुसता उजेड दिसला आणि अक्षरें दिसलीं नाहींत, तर ती केवळ चकाकी.

तिसरी परीक्षा उठावाची व कांठाची. दोन वेळां दाब बसल्यामुळें प्रूफ नाण्यांत बारीकसारीक रेषाही पूर्ण उमटतात. केसांच्या बटा, चष्म्याची कडी, अशोकस्तंभाच्या सिंहांची आयाळ, असे उंच भाग पाहावे. चलनी नाण्यांत ते बरेचदां अपुरे किंवा गोलसर राहतात. अक्षरांच्या भिंती प्रूफमध्यें सरळ उभ्या असतात. कांठाचा वरचा भाग सपाट व त्याचा कोपरा काटकोनी असतो. चलनी नाण्याचा कांठ किंचित् गोलावलेला असतो. नाणें झिजलेलें असलें तरी कांठाच्या आंतल्या बाजूस व अक्षरांच्या पोटांत, जेथें बोट पोंचत नाहीं तेथें, मूळ आरशाचा अंश बहुधा शिल्लक असतो. झिजलेल्या प्रूफ नाण्याची ओळख येथेंच पटते.

चौथी परीक्षा रेघांची, आणि माझ्या मतें हीच सर्वांत निर्णायक. चकाकणाऱ्या नाण्यावर भिंगांतून बारीक रेघा दिसल्या, तर त्या टांकसाळेंतील आहेत कीं मागाहून घासल्याच्या आहेत? वर सांगितलेली गोष्ट येथें आठवा. ठसा घोटतांना घोटणी त्याच्या सर्वांत उंच, म्हणजे मोकळ्या जागेलाच लागते. चित्राच्या खोलगट भागांत ती सहसा पोंचत नाहीं. ठशावर पडलेला ओरखडा खोल असतो, म्हणून तो नाण्यावर उंच उमटतो. अर्थात् टांकसाळेंतील रेघा नाण्यावर उंचावलेल्या असतात, मोकळ्या जागेंतच असतात, आणि चित्राच्या किंवा अक्षराच्या पायथ्याशीं येऊन थांबतात; जणूं चित्राच्या खालून गेल्या असाव्या. याच्या उलट, फडक्यानें किंवा पावडरीनें घासल्याच्या रेघा धातूंत खोल गेलेल्या असतात, आणि त्या मोकळ्या जागेवरून सरळ चित्रावर चढून पलीकडे उतरतात. पहिल्या रेघा ठशाच्या आहेत, दुसऱ्या माणसाच्या हाताच्या. वरवरची झळाळी नाण्याला मागाहून देतां येते. परंतु तीच झळाळी देणारा हात आपल्या रेघाही नाण्यावर ठेवून जातो.

पांचवी परीक्षा वेष्टनाची. टांकसाळ प्रूफ नाणें बंद डबींत, नांवनिशीवार पेटींत विकते. पेटी साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. एका नाण्याची पेटी दुसऱ्याला घालणें कठीण नाहीं. म्हणून पेटीची साक्ष शेवटीं घ्यावी आणि ती नाण्याच्या स्वतःच्या साक्षीशीं जुळते काय तें पाहावें.

कांहीं नाणीं मात्र जाणत्यासही बुचकळ्यांत पाडतात. नुकत्याच घोटलेल्या ठशानें पाडलेलीं पहिलीं कांहीं चलनी नाणीं आरशासारखीं दिसतात. त्यांना प्रूफसारखीं म्हणतात, प्रूफ नव्हे. त्यांचा आरसा साधला तरी कांठ व उठाव साधत नाहीं. तसेंच, ठशाचा खरबरीतपणा नाण्यांच्या संख्येबरोबर झिजत जातो. म्हणून जुन्या काळच्या पुष्कळ प्रूफ नाण्यांत चित्र पांढुरकें न दिसतां सर्वच भाग चकचकीत दिसतो. पांढुरकेपणा नाहीं एवढ्यावरून प्रूफ नाकारूं नये. शिवाय प्रत्येक प्रूफ नाणें चकाकतेंच असेंही नाहीं. सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्याभिषेकप्रसंगीं १९०२ सालीं ब्रिटिश टांकसाळेनें काढलेलीं प्रूफ नाणीं मुद्दाम निस्तेज पृष्ठभागाचीं होतीं. अमेरिकेनें २००६ सालीं आपल्या चांदीच्या ईगल नाण्याच्या विसाव्या वर्षानिमित्त उलटें प्रूफ काढलें. त्यांत मोकळी जागा पांढुरकी आणि चित्र आरशासारखें आहे. या सर्वांत समान काय? झळाळी नव्हे, तर घोटीव तयारी, पूर्ण उठाव व काटेकोर कांठ.

अमेरिकेचेंच आणखी एक उदाहरण तुलनेसाठीं घेण्याजोगें आहे. त्या देशांत १९५४ नंतर स्मारक नाणीं बंद पडलीं होतीं. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जन्मास अडीचशें वर्षें झालीं, त्या निमित्तानें १९८२ सालीं शेंकडा ९० भाग चांदीचा अर्धा डॉलर काढून ती प्रथा पुन्हां सुरू केली. त्यांत डेन्व्हर येथील टांकसाळेनें ‘डी’ अक्षराचीं अप्रचलित नाणीं पाडलीं आणि सॅन फ्रान्सिस्को येथील टांकसाळेनें ‘एस’ अक्षराचीं प्रूफ नाणीं. म्हणजे त्या नाण्यापुरता निकाल एका अक्षरावर लागतो. परंतु आपल्याकडे कलकत्त्याच्या नाण्यास खूणच नसल्यामुळें अक्षराचा अभाव कांहींच सिद्ध करीत नाहीं. एका देशाचा नियम दुसऱ्या देशाच्या नाण्यास लावूं नये. प्रथम त्या नाण्याची स्वतःची हकीकत माहीत करून घ्यावी.

हा अभ्यास तुम्हांस घरच्या घरीं करतां येईल. बाजारांतून आलेलें अगदीं नवें नाणें, चार-पांच वर्षें फिरलेलें त्याच जातीचें नाणें, आणि मुद्दाम रांगोळीनें घासलेलें तिसरें, अशीं तीन साधीं नाणीं एका ओळींत मांडा. दिव्याखालीं फिरवून पहिल्याचे फिरते आरे पाहा. दुसऱ्याचे आरे उंच भागावरून प्रथम कसे नाहींसे झाले तें पाहा. आणि तिसऱ्यावर रेघा चित्रावरून कशा चढल्या आहेत तें भिंगांतून पाहा. एकदां हे तीन देखावे डोळ्यांत बसले, म्हणजे प्रूफ नाणें समोर येतांच त्याचें निराळेपण आपोआप जाणवेल. परंतु घासण्याचा प्रयोग त्या एका साध्या नाण्यावरच करावा. घरांतील कोणतेंही जुनें किंवा स्मारक नाणें चिंच, राख, लिंबू, दंतमंजन किंवा कसल्याही द्रावणानें साफ करूं नये. चांदीवर चढलेला काळसर रंग हा काळाचा लेप आहे. तो काढतांना त्याबरोबर मूळ पृष्ठभागही निघून जातो, आणि गेलेला पृष्ठभाग पृथ्वीवरील कोणतीही टांकसाळ परत देऊं शकत नाहीं.

आतां शेवटची गोष्ट. समजा, शेजारच्या एखाद्या आजीबाईंनीं औषधपाण्याच्या खर्चासाठीं पेटींतून गांधीजींचें चांदीचें नाणें काढलें आणि तुम्हांस म्हटलें, “बाळ, याचे चांदीच्या भावानें काय येतील तेवढे दे.” तुम्हीं भिंग लावून पाहिलें, ‘बी’ अक्षर आहे, आरसा आहे, कांठ काटकोनी आहे. आजीबाईंना यांतील कांहींच ठाऊक नाहीं. तुम्ही गप्प राहिलां तर कायदा तुम्हांस विचारणार नाहीं. नीतिसूत्रांच्या ग्रंथांत खोट्या तराजूविषयीं जी ताकीद आहे, ती केवळ वाण्याच्या तागडीपुरती नाहीं. ज्याला अधिक कळतें आणि जो तें दडवून सौदा करतो, त्याच्याही हातांत खोटा तराजूच असतो. अशा वेळीं प्रथम बोलावें, “आजी, हें साधें नाणें नव्हे,” आणि मग तिनें वाटेल त्यास तें विकावें. तसेंच, साधें चकचकीत नाणें प्रूफ म्हणून कोणी पुढें केलें, तर शांतपणें रेघा दाखवाव्या आणि खरेदी नाकारावी. भांडणाचें कारण नाहीं.

तात्पर्य, नाण्याची परीक्षा करतांना घाई करूं नये, एका खुणेवर विसंबूं नये, आणि झळाळीला पुरावा मानूं नये. खूण, मोकळी जागा, उठाव, कांठ व रेघा या पांचांपैकीं निदान तिहींची साक्ष जुळली, तरच मत द्यावें. न जुळली, तर अधिक जाणत्याकडे जावें. आणि जें कळलें असेल तें ज्याचें नाणें त्याला आधीं सांगावें.